टेकडीवरून सीक्यू

हिंगणघाटला कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यांनी हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला आणि २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे जाताना, आपल्या हिंगणघाटात त्यांनी देह ठेवला. मधली वीस वर्षे त्यांचा उद्योग एकच होता. एका उंच जागेवर चढायचे, तिथून दुसरी उंच जागा दिसते का ते बघायचे, दिसली की कोन मोजायचा आणि तिसरी शोधायची. त्यांचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा. तो टेकड्यांवर चढवायचा आणि जिथे टेकडी नसेल तिथे देवळाच्या गोपुरावर. तंजावरला १८०८ साली तो वर ओढताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटले. साहेबांनी ते स्वतः ठोकून ठाकून पुन्हा गोल केले.

या कामात डोंगर किती उंच आहे याला फारसा अर्थ नव्हता. तिथून काय दिसते, याला होता. आजही जगभर काही माणसे याच हिशेबाने डोंगर निवडतात, मात्र त्यांच्याजवळ दुर्बीण नसते, रेडिओ असतो. सुटीच्या दिवशी पहाटे उठायचे, पाठीवर बॅटरी, तार आणि एक लहानसा ट्रान्सीव्हर घ्यायचा, माथा गाठायचा, तार टांगायची आणि हवेत साद घालायची: सीक्यू, सीक्यू, सीक्यू. म्हणजे, आहे का कुणी ऐकणारे? चार जणांनी उत्तर दिले की शिखर सर झाले. तिघांनीच दिले तर गुण नाहीत, असा या खेळाचा कायदा आहे.

खेळाचे नाव ‘समिट्स ऑन द एअर’, हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या तोंडी ‘सोटा’. २ मार्च २००२ रोजी इंग्लंड आणि वेल्समध्ये तो सुरू झाला. कल्पना जॉन लिनफर्ड या ब्रिटिश हॅमची, हवेवरचे नाव म्हणजे कॉलसाइन जी३डब्ल्यूजीव्ही. पुढे तो युरोप, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया असा पसरला. वर चढणारा तो ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. घरी खुर्चीत बसून त्याला पकडणारा तो ‘चेसर’. दोघांनाही गुण मिळतात. उंचीप्रमाणे शिखराला एक ते दहा गुण असतात. चढून हजार गुण जमवणाऱ्याला ‘माउंटन गोट’ म्हणतात, डोंगरबोकड म्हणा ना. आणि घरी बसून हजार जमवणाऱ्याला चक्क ‘शॅक स्लॉथ’. इंग्रजांचा विनोद कधी कधी आपल्यालाही कळतो.

नियम मोजके आहेत, पण कडक. सगळे सामान शेवटच्या चढाला स्वतः वाहून न्यायचे. गाडीतून किंवा गाडीला टेकून बोलायचे नाही. जनरेटर चालत नाही. बॅटरी किंवा सौर पॅनेल. अगदी टोकावरच बसले पाहिजे असे नाही, पण टोकापासून उभ्या मापाने २५ मीटरच्या आत हवे. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम उठावाचा. डोंगर यादीत यायचा तर तो भोवतालापासून बहुतेक ठिकाणी किमान १५० मीटर उठलेला पाहिजे. म्हणजे काय, तर माथ्यावरून उतरून याहून उंच अशा कुठल्याही डोंगराकडे जायचे असेल, तर वाटेत १५० मीटर तरी खाली उतरावेच लागले पाहिजे. मोठ्या डोंगराच्या खांद्यावरचा उंचवटा या हिशेबात बसत नाही, मग तो समुद्रसपाटीपासून कितीही उंच असो.

हा नियम वाचला की वर्धेकराचे कान टवकारतात. आपला जिल्हा डोंगरांचा म्हणून कुणी ओळखत नाही. इथे कळसूबाई नाही, जिची उंची १६४६ मीटर. आणि शेजारच्या अमरावतीकडे आहे तसे १११८ मीटरवरचे चिखलदराही नाही. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून २३४ मीटरवर. हिंदी विद्यापीठ ज्या टेकड्यांवर वसले आहे त्यांना गांधी हिल्स म्हणतात, पण तिथे चढताना धाप लागली तर दोष टेकडीचा नाही. खरे उंचवटे उत्तरेला, आर्वी आणि कारंजा तालुक्यांत. सातपुड्याचे फाटे तिथे वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत येतात आणि त्यांचे माथे जेमतेम सहाशे मीटरच्या घरात जातात. नागपूर–अमरावती रस्त्याने येताना तळेगावजवळ सत्याग्रही घाट लागतो. गाडीतल्यांना तो घाट वाटतो न वाटतो तोच संपतो. पण खाली उतरून मागे वळून पाहिले की कळते, पठाराची कड किती सरळ तुटली आहे.

पंचाईत अशी की, हे फाटे सातपुड्याला चिकटलेले. दोन माथ्यांमधली खिंड बरेचदा उंचावरच असते, त्यामुळे सहाशे मीटरच्या माथ्यालाही उठाव थोडाच मिळतो. उलट दक्षिणेच्या कापसाच्या सपाटीत एखादी एकटी टेकडी असेल, तर तिची उंची कमी असूनही तिचा उठाव सगळा तिचाच. गुणांच्या वहीत काय पडते ते पडो. मला या हिशेबात एक न्याय दिसतो. आपल्याकडे उंचीची बढाई फार मारतात, सह्याद्रीचे लोक तर जरा जास्तच.

आपल्या टेकड्यांची आणखी एक गोष्ट इंग्लंडवाल्यांना हेवा वाटावी अशी. हा बेसाल्टचा मुलूख. लाव्हाचे थर एकावर एक बसले, पाण्याने कडा झिजल्या आणि माथे सपाट राहिले. माथा म्हणजे एक लांबरुंद बरड: मुरूम, खुरटे गवत, अधूनमधून सालई नाही तर धावडा. २५ मीटरच्या नियमात असा अख्खा माथा बसतो. वीस मीटर लांब तार ताणायला जागा शोधावी लागत नाही. टोकदार शिखरावर हीच तार ताणताना माणसाची सर्कस होते.

तार वीस मीटरच का, हे थोडे सांगायला हवे. भारतात हॅमना मिळालेल्या पट्ट्यांपैकी चाळीस मीटरचा पट्टा, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ, हा आपल्या देशातल्या गप्पांचा मुख्य चव्हाटा. या लहरीची लांबी चाळीस मीटरच्या आसपास. तिच्या निम्म्या लांबीची तार मधोमध कापून दोन्हीकडे दहा-दहा मीटर पसरवली की झाला डायपोल. मधला बिंदू उंच उचलायचा. परदेशात त्यासाठी फायबरच्या मासेमारीच्या काठ्या वापरतात. आपल्याकडे बांबू आहे, आणि तो टेकडीवर नेणे हीच एक कसरत. झाड असेल तर सोपे: दोरीला दगड बांधायचा, फांदीवरून भिरकावायचा, पलीकडे पडलेल्या टोकाने तार वर खेचायची. ज्याने लहानपणी ज्वारी राखताना गोफण फिरवली आहे त्याचा दगड पहिल्या झटक्यात जातो. शहरातून आलेल्या माणसाचा दगड तीनदा परत त्याच्याच अंगावर येतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. चार सेल मिळून १२.८ व्होल्ट. सहा अँपिअर-तासांची बॅटरी किलोच्या आत येते आणि सकाळभर पुरते, कारण बहुतेक जण पाचच वॅटवर बोलतात. पाच वॅट! घरातला एलईडी दिवाही नऊ वॅटचा असतो. त्या पाच वॅटवर इथून हैदराबाद, भोपाळ, पुणे गाठता येते, आणि संध्याकाळी वीस मीटरच्या पट्ट्यावर नशिबाने साथ दिली तर युरोपसुद्धा. लहर वर जाते, शे-तीनशे किलोमीटरवरच्या आयनांबरात वळते आणि दूर कुठे तरी खाली येते. सूर्यावर डाग जास्त असले की हे छप्पर जास्त वारंवारतेच्या लहरींसाठीही मजबूत होते. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेले पंचविसावे सौरचक्र २०२४ मध्ये भरात आले होते. त्या दिवसांत ज्यांनी रेडिओ हातात घेतला त्यांना वाटले असेल, हे नेहमीच इतके सोपे असते. त्याच वर्षी मे महिन्यात सूर्याने मोठे वादळ पाठवले आणि छप्परच हलले.

आता एक खोच. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, जमिनीपासून पाच-सहा मीटरवर टांगलेली तार लहर मुख्यतः आकाशाकडेच सोडते. तिला टेकडीच्या उंचीशी फारसे देणेघेणे नाही. मग वर कशाला चढायचे? ऐकण्यासाठी. वर्ध्यातल्या कुठल्याही गल्लीत रेडिओ लावा: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांची मिळून एक सलग खरखर. शेतात जावे तर झटका मशीन. रानडुकरे आणि रोही हटवायला जंगलकाठच्या धुऱ्यावर तारांचे कुंपण आणि त्यात सौर बॅटरीवर चालणारे ते यंत्र. दर सेकंदाला टक, टक, टक. तार कुठे गवताला लागत असेल तर ती टकटक रेडिओत आणखी ठसठशीत. कापूस वाचतो, सिग्नल मरतो. माथ्यावर पोहोचून हेडफोन लावला की हे सगळे खाली राहते, आणि ज्या जागी खरखर होती तिथे दूरचे क्षीण आवाज एकेक करून वर येऊ लागतात. हा फरक ज्याने एकदा कानाने ऐकला त्याला पुढचे गणित समजावून सांगावे लागत नाही.

उंचीचा खरा फायदा दोन मीटरच्या पट्ट्यावर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. ही लहर आकाशातून वळून येत नाही. जवळपास सरळ जाते, नजरेपेक्षा थोडी पुढे. हिशेब सोपा आहे. आपण भोवतालच्या सपाटीपासून जितके मीटर उंच, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ४.१२ ने गुणायचे. तितक्या किलोमीटरवर रेडिओचे क्षितिज. अंगणात उभा असलेला माणूस हातातल्या सेटने पाच किलोमीटर गाठतो. तीनशे मीटर वर चढलेला ७१ किलोमीटर. समोरचाही उंचावर असेल तर दोघांची क्षितिजे एकमेकांत मिळतात. चिखलदऱ्याचे पठार वऱ्हाडच्या सपाटीपासून सुमारे सातशे मीटर वर. त्याचे क्षितिज १०९ किलोमीटर. ७१ आणि १०९ मिळून १८०. तळेगावच्या कडेपासून चिखलदरा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. मध्ये एखादी टेकडी आडवी आली नाही, तर तळहातावर मावणाऱ्या सेटने बोलणे व्हायला हरकत नाही. एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावरच्या माणसाशी असे बोलणे झाले की सोटावाले खूश होतात. दोघांच्याही खात्यात गुण पडतात.

प्रत्यक्ष बोलणे मात्र अगदी रुक्ष. कॉलसाइन, सिग्नल किती चांगला त्याचे आकडे, आभार. ‘यू आर फाइव्ह नाइन’ म्हणजे तुझे बोलणे स्वच्छ आणि जोरात येते आहे. शेवटी ‘सेव्हन्टी-थ्री’, शुभेच्छा. वेळ आणि कॉलसाइन लॉगमध्ये लिहायचे की पुढचा. घरी चेसर वाट बघत असतात, सगळे एकदम ओरडतात आणि वरच्या माणसाला त्या गलक्यातून एकाचे अर्धे कॉलसाइन पकडून ‘एंडिंग विथ ऑस्कर’ असे म्हणत गर्दी पातळ करावी लागते. पहिल्या दिवशी घाम फुटतो. गप्पा मारायला आलेल्याने सोटाच्या वाटेला जाऊ नये.

रेडिओ महाग असतो, हे खरे आणि खोटेही. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ साली ‘बिटएक्स’ नावाचा ट्रान्सीव्हर रचला, तोच मुळी बाजारात मिळणाऱ्या भागांतून. खास फेराइटची कडी मिळत नसेल तर कॉइल गुंडाळायला नळाचे वायसर वापरा, इथवर त्यांनी सोय केली. जगभरच्या हौशी लोकांनी तो आपापल्या टेबलावर बनवला. पुढे त्याचे तयार संच निघाले. ते हैदराबादेत बायकांच्या एका गटाने हाताने जोडले. इंग्लंड-अमेरिकेतल्या टेबलांवर आपल्या शेजारच्या शहरात सोल्डर केलेला संच वाजतो, याचे कौतुक मराठी वर्तमानपत्रांनी हवे तितके केले नाही.

वर्ध्याचा आणि दूरच्या आवाजाचा संबंध मात्र जुना आहे. सेवाग्रामला बापूंच्या कार्यालयात टेलिफोनची ती पेटी अजून दाखवतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधींशी थेट बोलता यावे म्हणून सरकारने ती बसवली होती. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच ‘चले जाव’चा ठराव केला. महिनाभरात पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालू केला. त्याचा ट्रान्समीटर उभा करणारे नरिमन प्रिंटर हे हॅमच. युद्ध सुरू होताच सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द करून यंत्रे जमा करायला सांगितली होती. सगळ्यांनी सगळी यंत्रे जमा केली नाहीत, हे आपले भाग्य. पोलीस माग काढू नयेत म्हणून केंद्र एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी आतल्याच माणसाच्या फितुरीने ते पकडले गेले.

काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. भागाकार करून पाहा: प्रकाशाचा वेग भागिले ४२.३४, येतात ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आज भारतातला हॅम टेकडीवर तार टांगून ज्या पट्ट्यावर पुण्याशी हवापाण्याच्या गोष्टी करतो, त्याच पट्ट्यातली ही जागा. आज तिथे ‘फाइव्ह नाइन, सेव्हन्टी-थ्री’ चालते.

आणि आज परवाना लागतो. हौसेला आपल्या देशात कागद लागतोच. दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची परीक्षा द्यायची, रेडिओचे तंत्र आणि नियम या दोन्हींची. वय बारा पूर्ण असले की बसता येते. खालची श्रेणी ‘रिस्ट्रिक्टेड’, वरची ‘जनरल’. जनरलसाठी मोर्सही यावा लागतो, मिनिटाला आठ शब्द. मग पडताळणी, मग वाट पाहणे आणि मग व्हीयू३ किंवा व्हीयू२ ने सुरू होणारे कॉलसाइन. धंद्याचा निरोप, गाणे, सांकेतिक भाषा, यातले काहीही हवेवर चालत नाही. परवान्यावरच्या पत्त्याबाहेरून बोलायचे त्याचेही नियम आहेत. ते वाचल्याशिवाय पिशवी भरू नये.

वर्ध्यात आणखी दोन गोष्टींचे भान हवे. पुलगावला लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे; ३१ मे २०१६ च्या आगीत तिथे माणसे गेली, ते जिल्हा विसरलेला नाही. त्याच्या आसपास तार टांगून अनोळखी भाषेत आकडे बोलत बसणे म्हणजे संकटाला घरचा पत्ता देणे. दुसरे बोर. हिंगणीजवळचे हे अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी ते एक, पण वाघ लहान नाहीत. जिल्ह्यातल्या बऱ्याच चांगल्या टेकड्या वनखात्याच्या आहेत आणि परवानगीशिवाय तिथे हेडफोन लावून बसणे हा दुहेरी मूर्खपणा: वनरक्षकही ऐकू येत नाही आणि दुसरे कुणीही.

दर्ग्याची टेकडी म्हणून प्रसिद्ध असलेल्या समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला माणसे आपोआप चढतात. तिथे सापडणाऱ्या गोल दगडांची गोष्ट जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे: बाबा फरीदांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल म्हणे दगड झाला. रेडिओ घेऊन चढणाऱ्याला ही गोष्ट जरा वेगळी ऐकू येते. निम्म्या चढावर बॅटरीचे खरोखर तेच झालेले असते.

हॅमना विचारले की हा खेळ कशाला, तर ते लगेच आपत्तीचे नाव घेतात. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चे भुज, २००४ ची त्सुनामी. टेलिफोन बंद पडले तेव्हा हॅमनी निरोप पोहोचवले, हे खरेच आहे. अंदमानात त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद मुळात रेडिओच्या हौसेसाठीच गेल्या होत्या आणि पोर्ट ब्लेअरहून बातमी बाहेर काढणाऱ्यांत त्या आघाडीवर राहिल्या. आपल्याकडे ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाडचे काय केले, ते नदीकाठच्या गावांना सांगावे लागत नाही. तरीही मला वाटते, आपत्तीचे कारण आपण जरा घाईने पुढे करतो, कारण आपल्या घरात नुसत्या खेळाला परवानगी मिळत नाही. टेकडीवर जाऊन पाच वॅटवर बोलणारा माणूस खेळतोच आहे. मात्र खेळता खेळता त्याला वीज नसताना, छत नसताना, पंधरा मिनिटांत केंद्र उभे करायची सवय लागते. भारती प्रसादही अंदमानला आपत्तीची तयारी करायला गेल्या नव्हत्या.

जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकातून शाळकरी मुलांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच. स्थानक चारशे किलोमीटर वर, म्हणजे सगळ्यात उंच टेकडी तीच. तिथून येणारा १४५.८ मेगाहर्ट्झचा आवाज साध्या हातातल्या सेटवरही पकडता येतो, डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटे. हे नुसते ऐकायला परीक्षेची भानगड नसते, म्हणून आठवी-नववीच्या पोरांची सुरुवात इथून करावी असे मला वाटते.

आपल्याकडे हंगाम कोजागिरीपासून होळीपर्यंतचा. नंतर पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सपाट बरडावर सावलीला झुडूपही नसते. मृगाच्या तोंडावर तर अजिबात जाऊ नये. मोकळ्या माथ्यावर ओली तार उभी करून बसलेला माणूस विजेला आवतण देतो, आणि विदर्भात दर पावसाळ्यात वीज पडून किती माणसे जातात ते आपण वाचतोच. जानेवारीतला एखादा रविवार बरा. एक जोडी तळेगावच्या कडेवर, एक चिखलदऱ्याच्या पठारावर. चौघांकडे परवाना, १४५ मेगाहर्ट्झवर आधी ठरवलेली जागा, आणि नाहीच जमले तर ताळा करायला चाळीस मीटरची तार. चिखलदऱ्याच्या जोडीला एसटी थेट वर नेते, तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे शेवटचा टप्पा तरी सामान पाठीवर घेऊन चालावा. सकाळी नऊच्या आत दोन्ही जोड्यांनी तार वर चढवलेली असावी.